पेढीच्या संगणकाला दोन कुलपे : पण दुसरी किल्ली कोणाच्या हाती?

रात्री दुकान वाढवताना शटर खाली ओढून कुलूप लावले की ते एकदा हिसका देऊन पाहण्याची सवय प्रत्येक व्यापाऱ्याला असते. गल्ल्याची किल्ली आपण नोकराच्या हाती सहसा देत नाही. परंतु त्याच दुकानाचा हिशेब, बँकेचे खाते, ई-वे बिले, गिऱ्हाइकांची येणी-देणी आणि सारा पत्रव्यवहार आज संगणकात असतो, आणि त्या संगणकाचे दार एका शब्दावर उघडते. हा शब्द पुष्कळ ठिकाणी पेढीच्या नावापुढे १२३ जोडून बनवलेला असतो. तो मालकाला, मुनीमाला, कर सल्लागाराच्या मुलाला आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कारकुनालाही ठाऊक असतो.

या दाराला दुसरे कुलूप लावण्याची सोय आता जवळजवळ सर्वत्र आहे, आणि काही ठिकाणी ती सक्तीची झाली आहे. मात्र दुसरे कुलूप लावले म्हणजे काम संपले असे नाही. पहिल्या कुलपाची आणि दुसऱ्या कुलपाची किल्ली एकाच खिळ्याला टांगून ठेवली, तर चोराला दोन कुलपे उघडायला एकाच कुलपाइतकेच कष्ट पडतात. म्हणून हे दुसरे कुलूप म्हणजे काय, ते चालते कसे आणि आपल्या लहानशा कचेरीत ते नीट कसे बसवावे, याचा प्रस्तुत लेखात क्रमाने विचार करू.

एकटा पासवर्ड का पुरत नाही?

संगणकाला पासवर्ड लावण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत वापरात आली. तेथे एक मोठा संगणक अनेक जण मिळून वापरीत, म्हणून प्रत्येकाला आपापला गुप्त शब्द देण्यात आला. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला त्याच्या वाट्याची वेळ अपुरी पडू लागली. त्याने छिद्रे पाडलेल्या कार्डावरून सर्वांच्या पासवर्डची यादी छापून देण्याची विनंती यंत्राला केली, आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली. म्हणजे पासवर्ड फुटण्याचा इतिहास पासवर्डइतकाच जुना आहे.

पुढे १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी ८६ टक्के पासवर्ड फार लहान, शब्दकोशात सापडणारे किंवा सहज ओळखता येण्याजोगे निघाले. लोक आळशी होते असा याचा अर्थ नव्हे. माणसाला लक्षात ठेवायला सोपे असते ते चोराला ओळखायलाही सोपे जाते, ही यातील मूळ अडचण आहे.

मग अवघड पासवर्ड ठेवला तर? तेही पुरत नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पेट्रोल-डिझेल पुरवणाऱ्या कलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या संगणकात खंडणीखोर शिरले. कंपनीला सुमारे ८,८५० किलोमीटरची वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली, पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली. चोर आत आले ते बाहेरून काम करण्यासाठी ठेवलेल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी जून २०२१ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे सांगितले की त्या खात्याचा पासवर्ड सोपा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता; पण त्या दाराला दुसरे कुलूपच नव्हते. तोच पासवर्ड नंतर चोरीच्या पासवर्डांच्या एका साठ्यात आढळला. कर्मचाऱ्याने तो दुसऱ्या कुठल्या तरी खात्यालाही वापरला असावा, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता.

गल्ल्यातील रोकड चोरीला गेली तर सकाळी गल्ला रिकामा दिसतो. पासवर्ड चोरीला गेला तरी तो आपल्याजवळ जसाच्या तसा असतो, आणि आपण रोज त्यानेच दार उघडत राहतो. पासवर्ड ही वस्तू नसून माहिती आहे, आणि माहिती गेल्याचा आवाज होत नाही.

ओळख पटवण्याचे तीन प्रकार

एखादा मनुष्य तोच आहे हे ठरवण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला, त्याला काय ठाऊक आहे. पासवर्ड, चार आकडी पिन, आईचे माहेरचे नाव, हे सर्व या प्रकारात येते. याचा दोष असा की ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यालाही ठाऊक होऊ शकते.

दुसरा, त्याच्याजवळ काय आहे. एटीएम कार्ड, मोबाइलमधील सिम, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, ही या प्रकारची उदाहरणे होत. वस्तू हरवू शकते किंवा चोरीला जाऊ शकते, पण ती गेली की निदान कळते.

तिसरा, त्याच्या अंगचे काय आहे. बोटाचा ठसा, चेहरा, डोळ्यातील बुबुळ. हे घरी विसरता येत नाही, आणि फुटले तर बदलताही येत नाही. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या नोकरभरती व सेवाविषयक कार्यालयातून सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेल्याचे जाहीर झाले. पासवर्ड गेला तर नवा करता येतो, नवी बोटे आणता येत नाहीत.

यांतील कोणताही प्रकार एकटा पुरेसा नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारांची जोडी लावतात. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भारतातील पहिले एटीएम १९८७ साली एचएसबीसी बँकेने मुंबईत सुरू केले. एटीएमवर पैसे काढताना कार्ड म्हणजे जवळची वस्तू, आणि पिन म्हणजे ठाऊक असलेली गोष्ट, या दोन्ही लागतात. चार आकडी पिनच्या फक्त १० हजार शक्यता असतात, म्हणजे कुलूप म्हणून ती फारच लहान. तरीही ती चालते, कारण कार्ड हाती असल्याखेरीज पिन वापरता येत नाही आणि काही वेळा चुकले की कार्ड बंद पडते.

दोन कुलपे की एकच कुलूप दोनदा?

येथे पुष्कळांची गफलत होते. आधी पासवर्ड विचारला आणि नंतर ‘तुमच्या पहिल्या शाळेचे नाव काय’ असा प्रश्न विचारला, तर ती दोन कुलपे होत नाहीत. दोन्ही गोष्टी ठाऊक असण्याच्या प्रकारातल्या आहेत. ज्या युक्तीने पासवर्ड काढून घेतला, त्याच युक्तीने शाळेचे नावही काढून घेता येते.

बँकेच्या लॉकरचे उदाहरण घ्या. तेथे एक किल्ली आपली आणि एक बँकेची असते. दोन्ही किल्ल्या एकाच प्रकारच्या आहेत, पण त्या दोन माणसांकडे असतात. त्यामुळे एकट्याला लॉकर उघडता येत नाही. ही दोन माणसांच्या ताब्याची पद्धत आहे. मोठ्या रकमेच्या व्यवहारात एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने मंजुरी द्यावी, ही बँकांची रीत याच जातीची. लॉगिनच्या दोन कुलपांत माणूस एकच असतो, पण पुरावे दोन प्रकारचे असतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, मात्र त्यांची गल्लत करू नये.

आता थोडा हिशेब करू. समजा, वर्षभरात पासवर्ड फुटण्याचा संभव शंभरात एक आहे, आणि मोबाइल चोराच्या हाती लागण्याचा संभवही शंभरात एक आहे. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकदम घडण्याचा संभव दहा हजारांत एक होतो. परंतु पासवर्ड जर त्याच मोबाइलमध्ये उघडपणे लिहून ठेवला असेल, तर मोबाइल गेला की दोन्ही गेले. संभव पुन्हा शंभरात एकावर आला. दुसऱ्या कुलपाची सारी किंमत त्याच्या वेगळेपणात आहे, हे या हिशेबातून दिसून येते.

सहा आकड्यांचा कोड येतो कोठून?

एसएमएसने येणारा ओटीपी पलीकडचा संगणक तयार करतो आणि मोबाइल कंपनीमार्फत आपल्याकडे धाडतो. तो वाटेत तिसऱ्याच्या हातून प्रवास करतो.

मोबाइलमधील ओळख-ॲपची पद्धत वेगळी आहे. ॲप जोडताना पडद्यावरील जो चौकोनी क्यूआर कोड आपण टिपतो, त्यात एक लांबलचक गुप्त संख्या असते. ती संख्या एकदा मोबाइलमध्ये आणि एकदा पलीकडच्या संगणकात साठवली जाते. त्यानंतर दोघेही आपापल्या घड्याळाकडे पाहतात. सर्वसाधारणपणे ३० सेकंदांचा एक टप्पा धरून, त्या टप्प्याचा क्रमांक आणि गुप्त संख्या यांचे ठरलेले गणित दोघेही स्वतंत्रपणे करतात, आणि उत्तरातून सहा आकडे काढतात. दोघांची उत्तरे जुळली की दार उघडते. या पद्धतीचे मानक २०११ साली प्रसिद्ध झाले, आणि बहुतेक ओळख-ॲप त्याप्रमाणेच चालतात.

यावरून तीन व्यवहारी गोष्टी कळतात. पहिली, कोड तयार करायला इंटरनेट वा मोबाइलची रेंज लागत नाही, त्यामुळे गोदामाच्या तळघरातही काम अडत नाही. दुसरी, मोबाइलचे घड्याळ चुकले की कोडही चुकतो, म्हणून मोबाइलची वेळ आपोआप जुळणारी ठेवावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तो क्यूआर कोड म्हणजेच किल्लीचा साचा आहे. त्याचा फोटो काढून कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर ग्रुपमधील प्रत्येकाच्या मोबाइलवर तीच किल्ली तयार होऊ शकते.

दुसऱ्या किल्लीचे दर्जे

सर्व दुसऱ्या किल्ल्या सारख्या बळकट नसतात. खालून वर त्यांचे चार दर्जे मानता येतील.

१) एसएमएसचा ओटीपी : अगदी काहीच नसण्यापेक्षा हा कितीतरी बरा. मात्र लबाड लोक मालकाच्या नावाने दुसरे सिम काढून घेतात आणि ओटीपी त्यांच्याकडे जाऊ लागतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत फोन नंबरावर येणाऱ्या कोडचा वापर जपून करावयाच्या वर्गात टाकला. आपल्या मोबाइलची रेंज एकाएकी जाऊन बराच वेळ आलीच नाही, तर लागलीच मोबाइल कंपनीकडे चौकशी करावी.

२) ‘होय’ दाबण्याची सूचना : लॉगिन करताच मोबाइलवर ‘हे तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न येतो आणि आपण ‘होय’ दाबतो. हे सोयीचे आहे, पण सोयीतच धोका आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड चोराच्या हाती लागला होता. चोराने लॉगिनच्या सूचना एकामागून एक पाठवल्या. कंत्राटदाराने अखेर त्यांतील एक स्वीकारली, आणि चोर आत शिरला. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी संगणकावर दिसणारा आकडा मोबाइलवर टाकणे बंधनकारक केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या ओळख-ॲपमध्ये हे मे २०२३ पासून लागू केले.

३) ओळख-ॲपमधील कोड : यात सिमची लबाडी चालत नाही. पण आपणच तो कोड खोट्या संकेतस्थळावर टाकला किंवा फोनवर सांगितला, तर ३० सेकंदांच्या आत चोर तो वापरू शकतो.

४) सुरक्षा-किल्ली : ही पेन ड्राइव्हसारखी लहान वस्तू संगणकाला लावायची किंवा मोबाइलला टेकवायची असते. मोबाइलमध्येच साठवलेली पासकी हीसुद्धा याच तत्त्वावर चालते. ही किल्ली संकेतस्थळाचा पत्ता स्वतः तपासते. खोट्या पत्त्यावर माणूस फसला तरी ती फसत नाही, कारण त्या पत्त्यासाठी ती उत्तरच देत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना खोट्या लॉगिन-पानाचे एसएमएस आले. तिघांनी आपले पासवर्ड त्या पानावर भरलेदेखील. परंतु कंपनीत प्रत्येकाला सुरक्षा-किल्ली सक्तीची होती, म्हणून चोरांना आत येता आले नाही. त्याच सुमारास तशाच एसएमएसना ट्विलिओ या कंपनीतील काही कर्मचारी बळी पडले आणि तेथे मात्र चोर आत पोचले.

बोटाच्या ठशाचे काय? आपल्या मोबाइलवर आपण बोट लावतो तेव्हा ठसा सहसा बाहेर कोठे जात नाही. तो फक्त मोबाइलमध्ये ठेवलेली किल्ली मोकळी करतो. म्हणजे वस्तू आणि अंगचा पुरावा यांची ती जोडी झाली. ठसा असा वापरणे चांगले.

ई-वे बिलाचा धडा

हा विषय मोठ्या कंपन्यांचा आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. परराज्यात ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठवताना ई-वे बिल लागते. या बिलाच्या आणि ई-इन्व्हॉइसच्या व्यवस्थेत दोन कुलपांची पद्धत आधी १०० कोटींहून अधिक उलाढालीच्या करदात्यांना ऑगस्ट २०२३ पासून सक्तीची झाली. मग टप्प्याटप्प्याने ती खाली आणण्यात आली आणि १ एप्रिल २०२५ पासून सर्वच करदात्यांना लागू करण्याचे जाहीर झाले. नाव आणि पासवर्ड टाकल्यावर ओटीपी द्यावा लागतो. तो एसएमएसने, ‘संदेस’ या ॲपवर किंवा ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ या ॲपवर मिळवता येतो. या शेवटच्या ॲपमधील कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. वर सांगितलेलीच ही पद्धत आहे.

आता ही चांगली व्यवस्था प्रत्यक्षात कशी वापरली जाते ते पाहा. समजा, भिवंडीत ग्रे कापडाची एक पेढी आहे. नोंदलेला मोबाइल शेठचा. शेठ लग्नाला नाशिकला गेलेले. संध्याकाळी मुनीमाचा फोन जातो :

‘शेठ, गाडी भरून उभी आहे. ई-वे बिलाचा ओटीपी आला का बघा.’

‘आलाय. घे लिहून.’

हे दिवसातून चार-पाच वेळा होते. शेठला आकडे सांगण्याची आणि मुनीमाला मागण्याची इतकी सवय होते की त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही. मग एके दिवशी अनोळखी नंबरावरून फोन येतो :

‘शेठ, ट्रान्सपोर्टमधून बोलतोय. तुमची गाडी रस्त्यात अडवलीय. मुनीमजी म्हणाले, ओटीपी तुमच्याकडे आलाय. जरा लवकर सांगा.’

रोज जे घडते तेच घडते आहे असे शेठला वाटते, आणि ते आकडे सांगून मोकळे होतात. येथे यंत्र फसले नाही आणि पद्धतही मोडली नाही. ओटीपी फोनवर सांगायचा असतो, हे शेठला त्यांच्याच पेढीने शिकवले होते. चोराने त्या शिकवणीचा फायदा घेतला, इतकेच. नंतर त्यांच्या जीएसटी क्रमांकावर कोणी भलतीच बिले काढली, तर नोटीस शेठच्या नावाने येणार आणि खुलासाही त्यांनाच द्यावा लागणार.

यावर उपाय त्याच व्यवस्थेत दिलेला आहे. मुख्य खात्याखाली उप-वापरकर्ते निर्माण करता येतात. प्रत्येकाचे वेगळे नाव, वेगळा पासवर्ड आणि स्वतःचा नोंदलेला मोबाइल. त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. त्याने बिल काढावे, रद्द करावे की नाही, हे मालक ठरवू शकतो, आणि नोकरी सोडल्यावर ते खाते गोठवता येते. मुनीमाला शेठला फोन करावा लागत नाही. शेठच्या घरी एक पक्का नियम होतो : ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आपल्या माणसालासुद्धा नाही. नियमाला अपवाद नसला की खोटा फोन ताबडतोब ओळखू येतो.

डिजिटल सहीच्या टोकनाचीही अशीच गत आहे. टोकन म्हणजे जवळची वस्तू आणि त्याची पिन म्हणजे ठाऊक असलेली गोष्ट, अशी ही उत्तम जोडी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे त्या सहीला हाताच्या सहीसारखी मान्यता आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी ते टोकन सल्लागाराच्या खणात पडलेले असते आणि त्यावर चिकटवलेल्या कागदावर पिन लिहिलेली असते. कोऱ्या कागदांवर सह्या करून गठ्ठा दुसऱ्याच्या कपाटात ठेवावा, तसाच हा प्रकार आहे.

सात माणसांच्या पेढीत व्यवस्था कशी बसवावी?

समजा, पेढीत मालक, त्यांचा भाऊ, मुनीम, दोन कारकून, एक गोदामवाला आणि एक माल पाठवणारा, अशी सात माणसे आहेत. पुढील क्रमाने काम करावे.

पहिले काम : दारांची यादी करा. ई-मेल, बँक, जीएसटी, ई-वे बिल, हिशेबाचे सॉफ्टवेअर, ऑनलाइन विक्रीचे खाते, व्हॉट्सॲप. प्रत्येकापुढे लिहा की ते कोण उघडतो आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो. या यादीत नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आढळली तर आधी ती बंद करा. कलोनियल पाइपलाइनमध्ये चोर अशाच पडीक दारातून आला होता.

दुसरे काम : सर्वांत आधी ई-मेलला दुसरे कुलूप लावा. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटले की बहुतेक संकेतस्थळे नवा पासवर्ड करण्याची सोय ई-मेलवर पाठवतात. म्हणून ई-मेल हा साऱ्या किल्ल्यांचा जुडगा आहे. तेथे शक्य तर सुरक्षा-किल्ली किंवा पासकी, नाहीतर ओळख-ॲप वापरावे. व्हॉट्सॲपमध्येही एसएमएसच्या कोडाशिवाय सहा आकडी पिन ठेवण्याची सोय आहे, ती चालू करावी.

तिसरे काम : एका माणसाला एक खाते. एकाच नावाने पाच जण आत जात असतील, तर काही गडबड झाल्यावर ती कोणी केली हे सांगता येत नाही. अशा वेळी संशय बहुधा सर्वांत नव्या आणि सर्वांत गरीब नोकरावर जातो. स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र किल्ली असली की मालकाचे धन जसे सुरक्षित राहते, तसेच प्रामाणिक नोकराचे नावही सुरक्षित राहते.

चौथे काम : ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा ज्याला आपला खासगी फोन कामाला लावायचा नाही, त्याच्यावर सक्ती करू नका. त्याला पेढीने सुरक्षा-किल्ली घेऊन द्यावी. कामाचे साधन पुरवणे हे मालकाचे काम आहे.

पाचवे काम : बँकेच्या व्यवहारात एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने मंजूर करावी. आपल्या बँकेत अशी सोय असल्यास ती मागून घ्यावी. मंजुरी देणाऱ्याने रक्कम आणि नाव वाचल्याखेरीज कोड टाकू नये.

किल्ली हरवली तर?

दुसरे कुलूप लावण्यास लोक कचरतात ते याच भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. मोबाइल रिक्षात राहिला आणि दुसऱ्या दिवशी विवरणपत्राची शेवटची तारीख असेल, तर कुलूप मालकालाच बाहेर ठेवील. म्हणून कुलूप लावण्याच्या दिवशीच पर्यायाची तजवीज करावी.

बहुतेक सेवा एकदाच वापरता येणारे राखीव कोड देतात. गुगल असे दहा कोड देते. ते कागदावर छापून, पाकीट बंद करून, दुकानाच्या नव्हे तर घरच्या तिजोरीत ठेवावेत. त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवू नये, कारण मोबाइल हरवला तर राखीव कोडही त्याच्याबरोबरच हरवतील. सुरक्षा-किल्ल्या वापरत असाल तर दोन नोंदवा, एक रोजची आणि एक घरी. मालकाव्यतिरिक्त घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला ही सर्व व्यवस्था ठाऊक असावी. मालक आजारी पडल्यावर किंवा त्यांच्या पश्चात पेढीचे दार घरच्यांनाच बंद होऊ नये.

नोकर कामावर लागतो त्या दिवशी त्याचे खाते उघडावे आणि सोडून जातो त्याच संध्याकाळी ते बंद करावे. मोबाइल किंवा किल्ली हरवल्यास त्याने न घाबरता लगेच सांगावे, म्हणून पहिल्या वेळी त्याच्यावर रागावू नये. जो नोकर रागाच्या भीतीने दोन दिवस गप्प बसतो, तो चोराला दोन दिवस मोकळे देतो. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

आपल्या पेढीची तपासणी

वाचकांनी आज दुकान वाढवण्यापूर्वी पुढील सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून पाहावीत.

१) पेढीचा ई-मेल केवळ पासवर्डवर उघडतो काय?

२) एकाच पासवर्डाने दोन निरनिराळी खाती उघडतात काय?

३) गेल्या आठवड्यात कोणी कोणाला ओटीपी तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर सांगितला काय?

४) डिजिटल सहीचे टोकन या क्षणी कोठे आहे, आणि त्याची पिन कोणाकोणाला ठाऊक आहे?

५) नोकरी सोडून गेलेल्या कोणाचा मोबाइल अजून एखाद्या खात्याला जोडलेला आहे काय?

६) आज आपला मोबाइल हरवला, तर उद्या सकाळी कामकाज कशाच्या आधारे चालू होईल?

पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वा पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, किंवा चौथ्या आणि सहाव्याचे उत्तर लगेच देता आले नाही, तर आपल्याकडे कुलपे कितीही असोत, किल्ल्या एकाच खिळ्याला टांगलेल्या आहेत असे समजावे. सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करावी. त्याला पैसे पडत नाहीत आणि नवे यंत्रही लागत नाही. मुनीमाला त्याच्या नावाचे खाते उघडून द्यावे, आणि उद्यापासून ओटीपीसाठी कोणाचाही फोन आला तर तो द्यावयाचा नाही, एवढे घरात आणि दुकानात सर्वांना सांगून ठेवावे.